‘बाजार बैठक फी’ आणि जुनी ‘फसकी’

प्रश्न : आमच्या आठवडे बाजारात भाजीवाल्यांना ग्रामपंचायतीची पावती मिळते. तिच्यावर ‘बाजार बैठक फी’ असं छापलेलं असतं. बैठक म्हणजे सभा ना? आमच्या आजी त्या पैशांना ‘फसकी’ म्हणायच्या. दोन्ही एकच का?

प्रतिसाद : इथे बैठक म्हणजे बसायची जागा. ओटा असो की भुईवर अंथरलेलं पोतं, माल मांडायला जेवढी जागा धरली तेवढी बैठक. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम 124 मध्ये बाजारावर ‘फी’ आहे, जत्रांवर मात्र ‘कर’.

फसकी वेगळी. फसकी म्हणजे मूठभर माल. पेठेचे वतनदार शेटे-महाजन वजनं-मापं बघत, भाव ठरवत, तंटे मिटवत. त्याबद्दल विकणाऱ्याच्या पाटीतून मूठभर ज्वारी, दोन-चार वांगी, मेथीची जुडी उचलायचा त्यांना हक्क असे. पाटील-कुलकर्ण्यांच्या हक्कांतही ‘शेव-फसकी’ असा जोडशब्द येतो. मोहतर्फ्यासारखे धंद्यांवरचे कर इंग्रजांनी मुंबई इलाख्यात 1844 साली कायद्याने उठवले, पण बाजारात बसणाऱ्याकडून काहीतरी घेतलं जाणं थांबलं नाही. आजींनी जुना शब्द नव्या वसुलीला लावला तो त्यामुळेच असावा.

प्रतिप्रश्न : मग पेढ्यात भेसळ निघाली, काटा मारला, तर पावती देणाऱ्यालाच धरायचं का?

प्रतिसाद : नाही. शेट्यांचं काम आता वाटलं गेलंय. काट्याची तक्रार वैधमापन खात्याकडे, भेसळीची अन्न व औषध प्रशासनाकडे. 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन 2006 चा कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला; नमुना घेतात ते अन्न सुरक्षा अधिकारी. पंचायतीकडे उरलं झाडलोट, पाणी, दिवाबत्ती.

म्हणूनच ‘बाजार कर’ म्हणू नका, ‘फी’च म्हणा, असं माझं ठाम मत आहे. कर दिला की अमुक सोय द्या म्हणता येत नाही; फी सोयीच्या बदल्यात असते. बऱ्याच गावांत वसुलीचा लिलाव होतो, ठेकेदाराचा माणूस सकाळीच पावत्या फाडून जातो आणि कुजलेला पाला पुढच्या बाजारापर्यंत तिथेच पडून राहतो. भाजी विकणाऱ्या बाईने पावती दाखवून ‘झाडणार कोण?’ असं ग्रामसभेत विचारावं. तो तिचा हक्क आहे.