स्तनाचा कर्करोग आणि वजन: कसं उतरवलं यानं फरक पडतो का?

मृदुला_सहकारनगर
माझं मत ठाम आहे. पाळी गेलेल्या, वजन खूप वाढलेल्या बाईला नुसतं 'वजन कमी करा' सांगणं हा अर्धाच सल्ला. कसं करायचं तेही डॉक्टरांनी सांगावं, आणि वजन उतरवण्याच्या ऑपरेशनचं नाव घ्यायला कचरू नये.

आईला 61व्या वर्षी स्तनाचा कर्करोग निघाला, हार्मोनवर वाढणारा. वजन 94 किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 38. फाईलवर वजनाबद्दल एक ओळ, आणि पुढच्या पेशंटला हाक. पाळी थांबल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन, म्हणजे हा कर्करोग ज्यावर वाढतो ते हार्मोन, मुख्यतः चरबीत तयार होतं, ॲरोमाटेज या एन्झाइममुळे. आई रोज लेट्रोझोल घेते ती तेच एन्झाइम अडवायला. गोळी रोज ज्याच्याशी झुंजते, त्या चरबीचं काय करायचं हे कोणी सांगेना.

स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या अभ्यासात बेरिॲट्रिक सर्जरी (वजन उतरवण्यासाठी जठराचं ऑपरेशन) झालेल्या बायकांमध्ये पुढे एकूण कर्करोग कमी आढळले.

तळजाई_पहाटे5
मृदुलाताई, तुमची तळमळ पोचली, पण हे पटलं नाही. त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, ज्यांना हवं त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. आणि प्रश्न कर्करोग होण्याचा होता. झालेल्या बाईला ऑपरेशननं काय मिळतं, हे त्यातून कळत नाही.

अमेरिकेतल्या नर्सेसच्या अभ्यासात (2006) पाळी गेल्यावर 10 किलो किंवा जास्त वजन उतरवून ते टिकवलेल्यांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका बराच कमी दिसला. चालणं आणि मोजकं जेवण आधी, चाकू शेवटी. जठर लहान केलं की लोह, बी12 यांकडे जन्मभर लक्ष ठेवावं लागतं.

मृदुला_सहकारनगर
काका, तुमच्या नर्सेसनाही आधी कर्करोग नव्हताच. मग तो अभ्यास आईला लागू आणि माझा नाही, असं कसं?
आणि 'टिकवलेल्यांना' या शब्दातच सगळं आलं. लेट्रोझोलनं आईचे सांधे धरतात. पर्वतीच्या 103 पायऱ्यांपैकी तिसाव्या-चाळिसाव्या पायरीवर ती कठडा धरून बसते आणि मला म्हणते, "तू हो पुढे." तिला 'चाला' म्हणणं सोपं आहे हो.

आहारतज्ज्ञ_कोथरूड
दोघांनाही एक सांगते. पाळी चालू असलेल्या वयात जाडीचा आणि या कर्करोगाचा संबंध असा सरळ नाही, त्यामुळे तरुण मुलींनी हा धागा वाचून घाबरू नये.
2025मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आपल्याकडे आल्यापासून माझ्याकडे इंजेक्शनचीच विचारणा जास्त. वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा स्नायूही झिजतात. केमोतून उठलेल्या बाईला ते परवडत नाही. मी काट्यावरच्या आकड्याआधी ताटातली डाळ, उसळ, अंडं पाहते, आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते. उपचार चालू असताना कुणाचंही ऐकून एकवेळ जेवण सुरू करू नका.

तळजाई_पहाटे5
पायऱ्यांबद्दल माझं चुकलं, मागे घेतो. सांधे दुखत असतील तर सपाटीवर, सारसबागेत दहा-दहा मिनिटं दोनदा चालून बघा. ऑपरेशनबद्दल मात्र मत तेच. आधी कर्करोगाच्या डॉक्टरांचा होकार घ्या.

मृदुला_सहकारनगर
तो घेणारच आहे. पण या वेळी कागदावर प्रश्न लिहून नेते, आणि उत्तर मिळाल्याशिवाय आईला खुर्चीतून उठवणार नाही.