बोक्यानंतर एकदम कर्ण? तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी मराठीत वाचायचं काय

पावसाळी_छत्री
लेक यंदा आठवीत गेली. ती तीन-चार वर्षांची असल्यापासून घरात माधुरी पुरंदरेंची पुस्तकं आहेत, 'राधाचं घर' तिला अक्षर येत नव्हतं तेव्हाच पाठ होतं आणि यशच्या पुस्तकांची तर पानं सुटून सेलोटेपवर आली. लहान मुलांची मराठी पुस्तकं गेल्या १५-२० वर्षांत खरंच सुधारलीत. चित्रं बघवतात, भाषा घरातली असते, शेवटी 'तात्पर्य'चा काढा पाजत नाहीत. मग नऊ-दहाला फास्टर फेणे आणि बोक्या सातबंडे झाले. आणि त्यानंतर? खड्डा.

परवा एका पुस्तक प्रदर्शनात विचारलं, तेरा वर्षांच्या मुलीसाठी काय आहे. काउंटरवरच्या काकांनी आधी थोरांची चरित्रं काढली, मग 'व्यक्तिमत्त्व विकास', आणि मी नको नको म्हणतेय बघून थेट 'मृत्युंजय'. म्हणजे काल बोक्या, आज कर्ण! लेक तोवर गुपचूप इंग्रजीच्या टेबलाकडे सटकली होती. तिथे मैत्रीण तुटणं, घरात वेगळं होणारे आईबाबा, स्वतःच्या अंगाची लाज वाटणं, सगळं होतं. आपल्याकडे या वयासाठी कुणी लिहीतच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

खवचट_आजोबा
साफ असहमत. आम्ही सातवीच्या मे महिन्यात 'मृत्युंजय' वाचलं, निम्मं कळलं नाही, तरी काही बिघडलं नाही. मुलांच्या डोक्यावर दोन इंच वरचंच पुस्तक द्यावं, तरच मूल टाचा उंचावतं. हे 'यंग अडल्ट' (तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांसाठीचं) नावाचं लेबल इंग्रजी प्रकाशकांनी माल खपवायला काढलंय, ते नाही म्हणून आपण कशाला रडायचं? आणि लिहिलं जात नाही कसं? बोकीलांची 'शाळा' २००४ची, प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला मुलगा, लंपन, त्याच्याही आधीचा. साहित्य अकादमीचे बालसाहित्य पुरस्कार बघा, २०२२ला संगीता बर्वेंची 'पियूची वही', २०२४ला भारत सासणेंचं 'समशेर आणि भूतबंगला'. अजून काय पाहिजे?

पावसाळी_छत्री
आजोबा, पियू आमच्याकडे आहे, छान आहे, पण ते नऊ-दहा वर्षांच्या मुलीला बरोब्बर बसतं, आठवीतली ते धाकट्या बहिणीला देऊन मोकळी होते. आणि लंपनसाठी मी स्वतः म्याड आहे, पण तो मला पस्तिशीत कळला. लेकीला लंपनचं 'वनवास' दिलं, बाराव्या पानावर बसचं तिकीट घालून ठेवलंय ते अजून तिथेच आहे. लंपनवरची वेब सिरीज मात्र एका रविवारात संपवली. बोलतो तो मुलगाच हो, पण हुरहुर लागते ती बालपण मागे पडलेल्यांना. ज्याचं अजून संपलंच नाही त्याला कसली हुरहुर लागणार? मुलांबद्दलची पुस्तकं आपल्याकडे ढीगभर आहेत, मुलांसाठीची किती ते सांगा.

नववी_ब
'शाळा'बद्दल मला बोलू द्या, मी नववीला मराठी शिकवते. आमच्या लायब्ररीत तिची एकच कॉपी होती. एका पोराने नेली, दोन दिवसांत परत, आणि मग नंबर लागले, कुणी तासाला बाकाखाली धरून वाचतंय, कुणी मला येऊन विचारतंय की मॅडम आणीबाणी म्हणजे नक्की काय हो. जे पोरगं धडासुद्धा मोठ्याने वाचत नाही ते! पुस्तक परत आलं तेव्हा शिरोडकर, म्हणजे नायकाला आवडणारी मुलगी, जिथे जिथे येते ती पानं कडेला काळी झालेली. मग एका पालकांनी घरी दप्तरात बघितलं आणि 'हे प्रेमप्रकरणाचं पुस्तक शाळेत वाटतात का' म्हणून तक्रार केली. झालं, पुस्तक ऑफिसच्या कपाटात, कुलूप.

त्यामुळे लिहिणाऱ्यांना दोष देऊ नका. तेरा वर्षांच्या मुलाचं पुस्तक विकत कोण घेतं? आईबाप. आईबापांना चरित्र दिसलं की बरं वाटतं. मग प्रकाशक तरी काय छापणार?

एसटी_थांबा
तुमचं सगळं पुण्या-मुंबईचं चाललंय. आमच्या तालुक्याला पुस्तकाचं दुकान म्हणजे गाईड, वह्या आणि राखीच्या दिवसात राख्या. सलीम मुल्लांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला २०१९ला अकादमी मिळाली हे पेपरात वाचून पोस्टाने मागवलं, दुकानदाराला नावच माहीत नव्हतं. आम्हाला वाचायला लावलं ते बालभारतीच्या 'किशोर'ने, १९७१ पासून चालू आहे, आणि जुने अंक आता नेटवर फुकट आहेत ते आधी बघा.

दुसरं म्हणजे, पुस्तकातली पोरं कायम फ्लॅटमध्ये राहतात, आई ऑफिसला, बाबा लॅपटॉपवर, सुट्टीत गावाला जातात. अरे आम्ही गावातच असतो की! आमच्या पोराने सुट्टीत जायचं कुठं?

खवचट_आजोबा
एसटी_थांबा, हे शेवटचं वाक्य मात्र लाख बोललात. बाकी कुलपाचा किस्सा वाचून लाज वाटली. तरी माझा मुद्दा सोडत नाही, कपाटातून बाहेर आलं तर 'शाळा' पुरतं, नवीन लेबल नको.

बर्फातला_मोदक
इकडे न्यू जर्सीत वेगळीच पंचाईत आहे. पोरगा चौदाचा, डोकं चौदाचं पण मराठी वाचनाचा स्पीड दुसरीतला. सोपं पुस्तक दिलं की म्हणतो बेबी बुक आहे, आणि त्याच्या वयाचं दिलं की जोडाक्षरातच दम लागतो. त्याला 'मृत्युंजय' दिलं तर टाचा उंचावणं सोडा, घर सोडून जाईल. शेवटी चाललं काय तर सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा, अशोक जैनांनी केलेले अनुवाद. एक पान तो, एक पान मी. खून कुणी केला हे कळायला जोडाक्षर वाचावंच लागतं ना! पण मूळ मराठी असं काही असतं तर तो हसला पण असता, अनुवादात माझ्या आईच्या बोलण्यातली गंमत कुठून येणार.

पावसाळी_छत्री
म्हणजे फिरून तिथेच आलो, चौदाच्या डोक्याचं, आजचं, मूळ मराठीतलं एक नाव अजून कुणी दिलेलं नाहीये. नववी_ब, त्या कुलपाचं पुढे काय झालं?

नववी_ब
कुलूप आहे तसंच आहे. मी माझ्या पैशाने एक कॉपी घेतली, ती पिशवीत असते, मागेल त्याला देते, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. सध्या तिसऱ्या बाकावरच्या एकाकडे आहे. पंधरा दिवस झाले, रोज म्हणतो मॅडम उद्या आणतो.