आल्याच्या बिअरची बाटली फुटली, कुठे चुकलं?

सुदामानगरकर: नमस्कार मंडळी. इंदूरला राहते. बार्लीची बिअर घरी करून बघायची फार इच्छा होती, पण आबकारीच्या परवान्याशिवाय ते कायद्यात बसत नाही, म्हणून आल्याच्या बिअरपासून शिकायला घेतलं. विरजण छान लागलं. दोन चमचे आलं सालासकट किसून, दोन चमचे साखर, दोन कप पाणी, मग रोज एकेक चमचा दोन्ही. चौथ्या दिवशी बरणीला कान लावला तर आतून बारीक फसफस ऐकू आली, काय आनंद झाला सांगू!

मग आलं उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, ८० ग्रॅम साखर, अर्धी वाटी गाळलेलं विरजण. सरबताच्या काचेच्या बाटलीत भरून घट्ट बूच लावलं आणि ओट्यावर चार दिवस ठेवलं. काल पहाटे फुटली. काचा पार देवघरापर्यंत. लेक पलीकडच्याच खोलीत झोपली होती, अजून छाती धडधडते. बाटली पातळ होती का?

रामबागची मावशी: अगं, कुणाला लागलं नाही ना? आधी ते सांग.

बाटली जाड असती तरी फुटलीच असती. यीस्ट जेवढी साखर खातं, तिच्या वजनाच्या जवळपास निम्मा वायू होतो. बाजारच्या सोड्याइतका फेस यायला लिटरमागे दहा-बारा ग्रॅम साखर खाल्ली गेली तरी पुष्कळ. तू घातलीस ८०, त्यात मे महिना. इडलीचं पीठ जानेवारीत रात्रभर हलत नाही आणि आत्ता दुपारपर्यंत पातेल्याबाहेर येतं, तसंच हे.

साखर कमी करू नकोस, गोडवा लागतोच. दिवस कमी कर. आणि काच नकोच. सोड्याची प्लास्टिकची बाटली घे, वर चार बोटं जागा सोड, सकाळ-संध्याकाळ दाबून बघ. दगडासारखी लागली की लगेच फ्रीजमध्ये. आपल्याकडे आत्ता एक दिवसही पुरतो. बाहेर राहिली तर दारूही चढत जाते, लेकीला देणार असशील तर हे लक्षात ठेव.

मालव्यातला: मावशींना अनुमोदन. ३० अंशांच्या वर यीस्ट घाईत काम करतं आणि चव उग्र होते. परातीत पाणी घालून बाटली उभी करा, भोवती ओलं गोणपाट. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठासारखा गारवा मिळतो. पंख्याखाली ठेवलं तर आणखी बरं.

सुदामानगरकर: लागलं कुणालाच नाही, मावशी. काल रात्री आठला पुन्हा भरली, प्लास्टिकमध्ये, परातीत, गोणपाट गुंडाळून. आज सकाळी सहाला दाबली तर अजून बोट रुतत होतं. दुपारी दोनला रुतेना, तशीच फ्रीजमध्ये ठेवली. संध्याकाळी झाकण हळूच सैल केलं, वायू सुटला, पेल्यात दोन बोटं पांढरा फेस. तिखट आलं, मागून गोडसर. विरजणाची बरणी पुन्हा भरली आहे.