उतारा समजला की नाही, हे उत्तर इंग्रजीत लिहायला लावून कळतं का?

नौपाडा_शिकवणी

ठाण्यात मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. माझं म्हणणं आधीच मांडते. उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं मुलांना मराठीत लिहू द्यावीत, आणि व्याकरणाचे सुटे प्रश्न कमी करून त्याच उताऱ्यातून व्याकरण तपासावं.

का, ते सांगते. हे वाक्य वाचा: "एका तुमक्या गवशीने सकाळी तीन भुंदरे रटकले, म्हणून तिची बोंगशी चिरमली."

आता प्रश्न. भुंदरे कोणी रटकले? किती रटकले? बोंगशी का चिरमली? तिन्ही उत्तरं तुम्हाला बिनचूक देता येतील आणि पैकीच्या पैकी गुण मिळतील. गवशी म्हणजे काय हे मात्र मलाही माहीत नाही, कारण हे शब्द मी आत्ताच तयार केलेत. इंग्रजी उताऱ्याशी मुलं हेच करतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उचलायचं, 'व्हाय' असेल तर आधी 'बिकॉज' लावायचं. झालं आकलन!

दुसरी बाजू जास्त जिवाला लागते. एका उताऱ्यात म्हातारा हमाल पडलेलं पाकीट परत करतो आणि बक्षीस घेत नाही. का घेत नाही, हे उताऱ्यात थेट लिहिलेलं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तोंडी सांगितलं, "बाई, त्याने पैसे घेतले असते तर ते पाकीट परत करणं त्याचं कामच झालं असतं." इतकं नेमकं वाचन मोठ्यांनाही जमत नाही. कागदावर तिने लिहिलं, "ही नॉट टेक मनी बिकॉज ही गुड." तिला अर्धा गुण. आपण तिचं वाचन तपासलं की लेखन?

'असर' या शाळकरी मुलांच्या देशभरातल्या पाहणीत मूल इंग्रजी वाक्य वाचू शकलं की त्याचा अर्थ त्याच्याच भाषेत विचारतात. मग दहावीच्या वर्गात त्यात कमीपणा कसला?

वाशी_लोकल

ताई, तळमळ पोचली, पण मी पूर्ण विरोधात आहे. मी बँकेच्या परीक्षा देतोय. पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न, वेळ २० मिनिटं. पाच पर्याय, चुकलं की पाव गुण वजा. म्हणजे डोळे मिटून ठोकत गेलात तर सरासरी हाती शून्य. तिथे मराठीत कोणी विचारत नाही. मराठी माध्यमाची आमची मुलं आधीच बिचकतात. दहावीपर्यंत तुम्ही त्यांना मराठीचा आधार दिलात तर पुढचा धक्का आणखी मोठा बसेल.

दुसरं, व्याकरणाचा प्रश्न सगळ्यांना सारखा असतो. मुरबाडच्या पोराला आणि हिरानंदानीतल्या पोराला 'हॅज बीन'चा गुण एकच. उतारा तसा नसतो. शेअर बाजारावर किंवा स्कीइंगवर उतारा आला की ज्याच्या घरी ते बोललं जातं तो निम्मा वाचनाआधीच पुढे गेलेला असतो. गरीब मुलाच्या हातात पाठ करून, घासून मिळवता येणारी एकच गोष्ट आहे, व्याकरण. ती काढून घेऊ नका.

नेरूळ_वॉर्ड

मी नर्स आहे. परदेशातल्या नोकरीसाठी आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली. त्यात वाचनाचे ४० प्रश्न, ६० मिनिटं, आणि व्याकरणाचा वेगळा भाग नाहीच. टोफेल या तशाच दुसऱ्या परीक्षेत तो होता, २००५ला इंटरनेटवरची परीक्षा आली तेव्हा काढला. त्यामुळे सुट्या व्याकरणाबद्दल मी नौपाडाताईंच्या बाजूने.

मला सगळ्यात जड गेला तो 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन'. समजा उताऱ्यात एवढंच आहे की रात्रपाळीचे लोक कमी झोपतात. खाली विधान, रात्रपाळीचे लोक जास्त आजारी पडतात. मी वॉर्डात रोज बघते, हात आपोआप 'ट्रू'कडे जातो. पण उतारा तसं कुठेच म्हणत नाही, म्हणून उत्तर 'नॉट गिव्हन'. मला काय माहीत आहे आणि लेखकाने काय लिहिलंय, हे वेगळं ठेवायला शाळेत मला कोणी शिकवलं नव्हतं. वाशी_लोकल, तुमच्या स्कीइंगच्या शंकेलाही यात थोडं उत्तर आहे.

मराठीतून उत्तराला मात्र माझा विरोध. त्या परीक्षेत स्पेलिंग चुकलं तरी उत्तर चूक धरतात.

रबाळे_शिफ्ट

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात केमिकल कंपनीत शिफ्ट सांभाळतो. व्याकरण कमी करा म्हणणाऱ्यांनी एक दिवस आमच्याकडे यावं.

पंपाजवळ सूचना लावलेली असते, "डू नॉट स्टार्ट द पंप अनलेस द सक्शन व्हॉल्व्ह इज ओपन." डिप्लोमा झालेला नवीन मुलगा. पंप, व्हॉल्व्ह, ओपन, स्टार्ट, सगळे शब्द त्याला येत होते. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाला, "व्हॉल्व्ह उघडा असेल तर पंप सुरू करू नका." नेमकं उलटं! सक्शन बंद ठेवून पंप चालवला तर सील जातं, आणि आत काय वाहतंय त्यावर पुढचं सगळं ठरतं. त्या मुलाचा शब्दसंग्रह कमी नव्हता. 'अनलेस' कच्चा होता, म्हणजे व्याकरण कच्चं होतं.

आम्हाला दहावीला 'अनलेस'चं 'इफ नॉट' करायला लावायचे, घोकून घोकून. तेव्हा कंटाळा यायचा. आज ते हाडात आहे. वाचन आणि व्याकरण वेगळं काढताच येत नाही, आणि तुम्ही त्यातलं जे मोजता येतं तेच टाकून द्यायला निघालात.

नौपाडा_शिकवणी

रबाळेदादा, उदाहरण फार मोलाचं आहे, आणि मी ते वर्गात वापरणार. पण चूक तुम्हाला कळली कशी ते बघा. तुम्ही त्याला मराठीत विचारलंत, त्याने मराठीत सांगितलं, म्हणून कळली. इंग्रजीत विचारलं असतं तर त्याने फलकावरचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं असतं आणि तुम्ही पुढे गेला असता.

'अनलेस' तपासायचाच आहे. फक्त "हे 'इफ' वापरून लिहा" असं नको. त्याऐवजी विचारा, "व्हॉल्व्ह बंद आहे, पंप सुरू करायचा का?" रूपांतराचे प्रश्न मुलं अर्थ न कळता सोडवतात. 'टू' काढून लिहा म्हटलं की 'सो', 'दॅट', 'कॅनॉट' ठरलेल्या जागी बसतात. वाक्यात गवशी आणि भुंदरे घातले तरी उत्तर बरोबर येईल. तुमच्या हाडात ते बसलं, पण पाठ करून सुटलेली किती मुलं त्या नवीन मुलासारखी तुमच्यापर्यंत येतात?

वाशी_लोकल, सरावाला कुठे ना आहे? व्याकरण शिकवायला मी भरपूर वेळ देते, आणि देणारच. प्रश्न गुण कशाला द्यायचे हा आहे. उताऱ्याच्या विषयाबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र खरंच टोचतं. उतारा निवडणाऱ्याने तो एसटी स्टँडवरच्या मुलाच्या डोळ्यांनीही वाचून बघायला हवा.

ऐरोलीची_आई

माझ्या मुलीच्या वर्गात घरी मराठी बोलणारी निम्मीच असतील. कोणाकडे हिंदी, कोणाकडे तमिळ, मल्याळम. मराठीत उत्तर चालेल म्हटलं तर त्यांनी काय करायचं? आणि तपासणार कोण?

वर्तकनगर_तपासनीस

मी बोर्डाचे इंग्रजीचे पेपर तपासलेत. ऐरोलीच्या ताईंच्या शंकेला अर्धं उत्तर आधीच आहे. तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत ५ गुणांचं भाषांतर असतं, आणि ते मुलांनी आपापल्या माध्यमाच्या भाषेत लिहायचं असतं. म्हणजे इंग्रजीच्या पेपरात दुसऱ्या भाषेतली उत्तरं तपासणं आम्हाला नवं नाही.

तरीही मी नौपाडाताईंशी सहमत नाही. त्या मुलीचं हमालाबद्दलचं वाक्य अप्रतिम आहे, पण दहा तपासनीस त्याला दहा प्रकारे गुण देतील. तिला न्याय मिळेल, तिच्या मागच्या बाकावरचा मुलगा गोल गोल मराठी लिहून तेवढेच गुण घेईल. इंग्रजी न कळताही मराठीत पान भरता येतं.

मला गाळलेल्या शब्दांचा उतारा बरा वाटतो. विल्सन टेलर यांनी १९५३ला मांडलेली पद्धत, एखादा मजकूर किती वाचनीय आहे ते मोजायला. दर पाचवा किंवा सातवा शब्द काढायचा आणि वाचणाऱ्याला भरायला सांगायचं. कधी 'द' जातो, कधी 'अनलेस', कधी क्रियापद. मागचं-पुढचं वाचल्याशिवाय जागा भरत नाही, आणि मराठीत लिहायची गरजच पडत नाही. बँकेच्या परीक्षेतला क्लोझ टेस्ट यातूनच आलाय. फक्त तिथे पर्याय देतात आणि कुठला शब्द काढायचा ते परीक्षक ठरवतो.

नौपाडा_शिकवणी

सर, ती पद्धत मीही वापरते. पण गाळलेला 'अनलेस' भरला म्हणजे हमालाने पैसे का नाकारले ते कळलं, असं होत नाही. शेजारच्या चार शब्दांवरून बऱ्याच जागा भरतात. गुणांच्या फरकाबद्दल म्हणाल, तर उत्तर एका वाक्याचं मागा आणि कोणता मुद्दा आला की गुण द्यायचा ते तपासनिसाला आधी लिहून द्या. निबंध तपासताना तर फरक याहून मोठा पडतो, तरी तो आपण काढून टाकत नाही.

ऐरोलीच्या ताई, तमिळ मुलीसाठी उत्तराचे पर्याय चित्रांत देता येतात किंवा कृती करायला सांगता येते. सगळ्या प्रश्नांना नाही, हे कबूल.

येत्या सहामाहीच्या सरावाला सगळ्यांना एकच अनोळखी उतारा देणार आहे. निम्मी मुलं इंग्रजीत लिहितील, निम्मी मराठीत. दुसऱ्या उताऱ्याला अदलाबदल. प्रत्येक मुलाचे दोन्ही पेपर शेजारी ठेवून बघेन. वर्तकनगरचे सर, तुम्ही आणि आणखी कोणी नावं न बघता वेगवेगळे तपासून द्याल का?

वर्तकनगर_तपासनीस

देईन. आदर्श उत्तरं आधी पाठवा.

वाशी_लोकल

घड्याळ लावून घ्या. वेळ न लावता निघालेला निकाल मी मानणार नाही.

रबाळे_शिफ्ट

एक उतारा माझा घ्या. आमच्याकडच्या सुरक्षा सूचना आहेत, कंपनीचं नाव काढून देतो. त्यात 'अनलेस', 'अनटिल', 'इव्हन इफ' तिन्ही सापडतील. त्याखाली रूपांतराचे पाच सुटे प्रश्नही घाला. ज्याला रूपांतर येतं त्याला सूचना कळते की नाही, ते एकदा माझ्याही डोळ्यांनी बघू दे. तोवर त्या प्रश्नांचे गुण कमी करायला माझा विरोध कायम.