बोका महिन्यात तिसऱ्यांदा केसांचा गोळा ओकला. एरंडेल पाजावे का?

प्रश्न

आमचा पर्शियन बोका सहा वर्षांचा आहे. एरवी दोन-तीन महिन्यांतून एखादा गोळा पडायचा, परंतु या महिन्यात तिसऱ्यांदा त्याने करंगळीएवढा लांबट, ओलसर गोळा सतरंजीवर ओकला. खाणेपिणे व्यवस्थित आहे, मात्र तो सतत अंग चाटतो आणि शेपटीच्या बुडाशी केस विरळ झाले आहेत. सासूबाई चमचाभर एरंडेल पाजायला सांगतात. पाजावे का?

प्रतिसाद १

ताई, एरंडेल कृपया पाजू नका. ते मांजरासाठी फार तीव्र रेचक आहे, आणि कोणतेही तेल बळजबरीने तोंडात ओतले, तर ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज येण्याचा धोका असतो.

मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे त्यांत अडकलेला केस त्याला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. केस पचत नाही; बराचसा शीवाटे निघून जातो आणि पोटात साठून राहिलेलाच तेवढा उलटून पडतो. तो गोल नसून लांबट दिसतो, कारण अन्ननलिकेतून येताना त्याला तिचा आकार मिळतो. अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले, की या काट्यांची टोके पोकळ असतात आणि त्यांतून लाळ थेट कातडीपर्यंत पोहोचते. पर्शियन मांजराच्या दाट, लांब केसांतून मात्र ते काटे कातडीपर्यंत पोहोचू शकत नाहीत. म्हणूनच पर्शियन मांजर पाळणाऱ्याने रोज फणी फिरवणे हा लाड नव्हे, ती त्या जिवाची गरज आहे. फणीत आलेला प्रत्येक केस त्याच्या पोटात जायचा वाचतो.

प्रतिसाद २

मला शेपटीच्या बुडाचा उल्लेख महत्त्वाचा वाटतो. पिसवा बहुधा तिथेच असतात, आणि खाज सुटली की मांजर चाटत सुटते. तेथील केसांतून बारीक फणी फिरवून निघालेले काळे कण ओल्या कापसावर टाकून पाहा. कापसावर तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त असते. औषध मांजरासाठीचेच आणा. कुत्र्यांच्या काही औषधांतील परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेतते.

प्रतिसाद ३

मी पशुवैद्यक आहे. वरील दोन्ही सल्ले योग्य आहेत. मांजर वारंवार उमासे देत असेल आणि काहीच बाहेर पडत नसेल, दिवसभर खात नसेल किंवा शी होत नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. केसांनी आतडे अडल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. मान पुढे ताणून, जमिनीलगत दबून खोकणाऱ्या मांजराला दमाही असू शकतो, म्हणून त्या वेळचे चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा. तुमचा बोका खातो आहे, त्यामुळे घाबरू नका, परंतु महिन्यात तीन गोळे म्हणजे तपासणी हवीच.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आताच फणी फिरवली आणि कापूस खरोखरच तांबूस झाला. एरंडेलाची बाटली सासूबाईंनी स्वतःच आत ठेवून दिली. उद्या सकाळी त्याला डॉक्टरांकडे नेत आहोत.