मदत हवी आहे : इंडक्शनवर संध्याकाळी ई१ येतं, कार्ड बदलू का?

पांदण_रस्ता
संध्याकाळी इंडक्शन लावली की दोन-चार मिनिटांत टूं टूं वाजते, ई१ दाखवते अन् बंद पडते. सकाळी चहा, भात सगळं बरोबर होते. दुरुस्तीवाला म्हणतो कार्ड (आतली सर्किटची पाटी) गेलं, १४०० रुपये लागतील. सिलेंडर संपलेलं आहे. कार्ड बदलू की नको, एवढंच सांगा.

सोल्डरगन
कंपनी, मॉडेल, वॅट? ई१ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो. कुठे लो व्होल्टेज, कुठे भांडं नाही, कुठे सेन्सर. पुस्तिकेत किंवा शेगडीच्या पोटाखालच्या स्टिकरवर बघून लिहा.

गंजभर
जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) गंज म्हणजे पातेलं ठेवलं असेल. बुडाला चुंबक चिकटलं तरच भांडं चालते. भाकरीला लोखंडी तवा घ्या, पण बूड सपाट पाहिजे, मधे फुगलेला नको.

पांदण_रस्ता
भांड्याचं विचारलंच नाही भाऊ. सकाळी त्याच गंजात भात शिजते. पुस्तिका सापडली : ई१ म्हणजे लो व्होल्टेज. शेगडी २००० वॅटची. पण व्होल्टेज चांगलं आहे, बल्ब लख्ख लागतात.

वायरमन_आर्वी
बल्बावरून काही कळत नाही. बरेच एलईडी बल्ब १५० व्होल्टवरही तेवढाच उजेड देतात. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) आणा, साधा चालते. खटका एसी ७५० वर. लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात अजिबात नको, त्या भोकात ठेवून सॉकेटात घातली तर सरळ शॉर्ट होतो. शेगडी ज्या बोर्डावर आहे त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटात दोन वेळा मोजा, एकदा शेगडी बंद असताना, एकदा फुल पॉवरवर गंज ठेवून. संध्याकाळीच मोजा, कोड येते त्या वेळी.

अन् घर गावात आहे की शेतात? हे आधी सांगायला पाहिजे होतं.

पांदण_रस्ता
शेतात. लाइन शेतीच्या डीपीवरून (पंपांच्या ट्रान्सफॉर्मरवरून) आहे. त्यानं काय फरक पडते?

वायरमन_आर्वी
फार पडते. हरभरा-गव्हाच्या ओलिताला आजूबाजूचे पंप सुरू झाले की त्या डीपीचं व्होल्टेज खाली बसते. थ्री-फेज गेल्यावर कंडेन्सर लावून मोटरा चालवत असतील तर आणखी वाईट.

कापूसपट्टा
मग सोपं आहे, स्टॅबिलायझर घ्या. फ्रिजचा असेल तोच लावा. आमच्याकडे सगळ्यांनी तेच केलं.

सोल्डरगन
कृपा करून असं सांगू नका. फ्रिजचा स्टॅबिलायझर साधारण अर्ध्या केव्हीएचा (केव्हीए म्हणजे क्षमतेचं माप). २००० वॅटला किमान ३ केव्हीए लागतो. फ्रिजच्या स्टॅबिलायझरला शेगडी लावली तर त्याचं रिले अन् ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळतील.

कार्डाबद्दल : व्होल्टेज ओळखायला कार्डावर रेक्टिफायरपासून (एसीचं डीसी करणारा भाग) दोन-तीन जास्त ओहमचे रेझिस्टर एकापाठी एक असतात. जुने झाले की त्यांचे ओहम वाढतात अन् आयसीला (कार्डावरच्या चिपला) व्होल्टेज आहे त्यापेक्षा कमी वाटते. ३३० किलोओहमचा ४०० दाखवत असेल तर गेला, पण रेझिस्टरचा एक पाय कार्डावरून सोडवूनच मोजा. तेवढ्याने काम होत असेल तर १४०० चं कार्ड लागत नाही. मात्र उघडायच्या आधी प्लग काढा. कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर डीसी उरलेला असू शकतो. पेचकसानं शॉर्ट करू नका, १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब टेकवून उतरवा.

कसोटी एकच. सॉकेटवर २०० च्या वर असतानाही ई१ आला तर कार्डावर संशय. १७० च्या आसपास आला तर कार्ड खरं बोलते, त्याला हात लावू नका.

पांदण_रस्ता
मल्टिमीटर आणलं. संध्याकाळी शेगडी बंद : २०३. फुलवर : १७०, अन् लगेच ई१. सकाळी २२८ अन् १९५. म्हणजे डीपीच खराब ना? वीज कंपनीत अर्ज देतो.

वायरमन_आर्वी
थांबा. डीपी खाली असेल तर शेगडी बंद असतानाही खालीच दिसेल. २०३ कमी आहे, पण चालण्यासारखं. तुमचं ३३ व्होल्ट शेगडी लावल्यावर जाते, सकाळी पण तेवढंच जाते. फक्त सकाळी व्होल्टेज मुळातच जास्त आहे म्हणून कोड येत नाही. हे ३३ कुठे जाते ते शोधा.

आता घराच्या विजेच्या डिजिटल मीटरचं बटण दाबत जा. बहुतेक मीटरांत युनिटनंतर व्होल्टेज अन् करंटही येतो. शेगडी फुलवर असताना दोन्ही लिहा. नंतर मेन स्विचच्या आत येणाऱ्या दोन तारांवर मोजा.

कापूसपट्टा
३३ च्या जागी ५३ गेले तरी स्टॅबिलायझर भरून काढते. कशाला एवढी तपासणी?

सोल्डरगन
नाही काढत. स्टॅबिलायझर १७० चे २३० करायला मागून जास्त करंट ओढतो. जिथे व्होल्टेज गळते तिथे आणखी गळते अन् ती जागा आणखी तापते.

पांदण_रस्ता
मीटरवर १९४, करंट ८.१. मेन स्विचच्या आत येताना १७५. बोर्डावर १७०. मीटर अन् मेनमध्ये तर दीड मीटर तार आहे!

वायरमन_आर्वी
सापडलं. हिशोब बघा.

खांबापासून मीटरपर्यंत २०३ चे १९४, ते ९ व्होल्ट लांब सर्व्हिस तारेचे. मेन ते किचन ५ व्होल्ट : तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर तारेला मीटरमागे साधारण ०.०१८ ओहम. तुमची तार १ ची अन् अंतर १८ मीटर धरलं तर जाऊन-येऊन ३६ मीटर, म्हणजे ०.६५ ओहम. गुणिले ८.१, झाले ५. बरोबर जुळते.

पण दीड मीटरमध्ये १९ व्होल्ट? ते तारेत जातच नाही, सांध्यात जाते. १९ गुणिले ८.१ म्हणजे दीडशे वॅटच्या वर उष्णता एका सांध्यात. शंभरच्या जुन्या बल्बापेक्षा जास्त. कुडाच्या किंवा लाकडी पाटीच्या भिंतीवर असेल तर आग लागते. आजपासून शेगडी बंद ठेवा, सांधा होईपर्यंत.

मीटरमधून ॲल्युमिनियमची तार निघते अन् पुढे तांबं पिळून टेप मारली आहे का? ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसते, सांधा ढिला होते, तापते, आणखी ढिला होते.

पांदण_रस्ता
हो, तसंच आहे. न्यूट्रलची टेप काळी पडली. मीच मेन बंद करून पुन्हा पिळतो.

वायरमन_आर्वी
करू नका! तो सांधा मेनच्या आधी आहे. मेन बंद केला तरी तार चालूच राहते. मीटरचं सीलही तोडायचं नाही. लाइनमनकडून खांबावरून लाइन बंद करून घ्या, अन् परवानाधारक वायरमनला सांगा : मीटर ते मेन नवीन ४ चौरस मिलिमीटर तांब्याची अखंड तार, मधे सांधा नको. मेनपासून किचनला वेगळी २.५ ची तार, १६ ॲम्पिअरचं सॉकेट, १६ चा एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच). अर्थिंग तपासून घ्या. शेगडीचा प्लग कोणता आहे?

पांदण_रस्ता
मोठा. कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटात.

सोल्डरगन
तो आजच फेका. ६ ॲम्पिअरच्या सॉकेटात ८ ॲम्पिअर. पितळी पिना काळ्या पडल्या असतील. तुम्ही शेजारच्या सॉकेटात मोजलं, म्हणून कन्व्हर्टरमधली घट त्या १७० मध्ये दिसत नाही. शेगडीला त्याहून कमी मिळत होतं.

पांदण_रस्ता
काम झालं. पिना काळ्याच होत्या. आज संध्याकाळी बंद २०४, फुलवर १९३. अर्धा तास चालली, कोड नाही. कार्ड तेच आहे.

कापूसपट्टा
आमच्याकडे बंद असतानाच १६० दाखवते, मग तरी स्टॅबिलायझर का नाही?

वायरमन_आर्वी
तुमचं वेगळं आहे. बंद असतानाच १६० असेल तर घट डीपीकडची. वीज तक्रारीच्या १९१२ नंबरवर तक्रार नोंदवा, आकडे अन् वेळ लिहून द्या. तोवर स्टॅबिलायझर घ्यायचाच तर १४० व्होल्टपासून काम करणारा, ३ केव्हीएचा. मात्र आधी सांधे तपासा.

गंजभर
माझ्या शेगडीवर मे महिन्यात दुपारी ई३ येते, पुस्तिकेत ओव्हरहीट लिहिलं आहे. दहा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा चालते.

सोल्डरगन
शेगडी मेणकापडावर ठेवता का? पंख्याची हवा खालून येते. मेणकापड काढा, भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, खालची जाळी ब्रशनं साफ करा. पंखा फिरतो का ते कानानं ऐका. तरीही आला तर मॉडेल लिहून वेगळा धागा काढा.