फोल्डरची साइज कोडमधून वेगळी, टर्मिनलवर वेगळी, असं का?

प्रश्न:
मंडळी, द्राक्षबागेत रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर, मेमरी कार्डावर चालणारा) लावलाय, तो दर १० मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहितो, एक फाइल जेमतेम ५०० बाइटची. वर्ष होत आलं, एकाच फोल्डरात ५०,००० फाइली झाल्यात. कार्ड भरायच्या आधी मला मेसेज यावा म्हणून पायथनमध्ये ओएस.वॉक (फोल्डरातल्या सगळ्या फाइली एकेक करून देणारं फंक्शन) फिरवून प्रत्येक फाइलच्या गेटसाइजची, म्हणजे फाइलच्या आकाराची, बेरीज केली तर येतात २४ एमबी, आणि टर्मिनलवर डीयू ही जागा मोजायची कमांड मारली की १९८ एमबी! वर स्क्रिप्ट कधीकधी मधेच 'फाइल नॉट फाउंड' म्हणून बंद पडते. ताज्या रीडिंगकडे नेणारी एक सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) पण आहे त्यात, तिच्यामुळे असेल का? डावणी-भुरी या द्राक्षाच्या रोगांचा अंदाज याच आकड्यांवर घेतो, रीडिंग थांबलं तर फवारणीचं सगळं गणित चुकतं, प्लीज सांगा.

उत्तर १:
दोन्ही आकडे बरोबर आहेत भाऊ, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. गेटसाइज सांगतं फाइलीत मजकूर किती, डीयू सांगतं कार्डावर जागा किती अडली. ईएक्सटी४ वर (लिनक्सची कार्डावर फाइली ठेवायची पद्धत) ब्लॉक, म्हणजे जागेचा सगळ्यात छोटा तुकडा, बहुतेक ४०९६ बाइटचा असतो, ५०० बाइटची फाइल असली तरी अख्खा ब्लॉक तिच्या नावावर. ५०,००० गुणिले ४०९६ करून बघा, १९५ एमबी येतात. तुम्हाला कार्ड भरायची काळजी आहे ना, मग एसटी_साइज (गेटसाइज देतं तोच आकडा) सोडा आणि एसटी_ब्लॉक्स (फाइलीने अडवलेली जागा) गुणिले ५१२ घ्या. हो, ५१२च, ब्लॉक ४०९६चा असला तरी लिनक्सवर तो आकडा ५१२च्या हिशोबात येतो, इथे भलेभले चुकतात.

उत्तर २:
सिमलिंकचा संशय बरोबर आहे. गेटसाइज लिंकच्या मागे जाऊन मूळ फाइल बघतं, ती डिलीट झाली असेल तर एरर, असेल तर तीच फाइल दोनदा मोजली जाते. ओएस.एलस्टॅट वापरा, ते लिंकलाच बघतं. आणि एक, ज्या फोल्डरला परमिशन नाही तो ओएस.वॉक गुपचूप सोडून देतं, बेरीज कमी येते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, म्हणून ओएस.वॉकला ऑनएरर (एरर आली की चालवायचं फंक्शन) द्याच.

उत्तर ३:
मी म्हणेन फोल्डर मोजत बसूच नका, पायथनच्याच शटिल मॉड्यूलचं डिस्क_युसेज एका ओळीत कार्डावर किती शिल्लक आहे ते सांगतं, मेसेजसाठी तेच पाहिजे, कारण कार्ड सिस्टिमच्या लॉगनी (नोंदींच्या फाइलींनी) पण भरतं. शिवाय टर्मिनलवर डीएफ -आय मारून आयनोड (दर फाइलीला एक लागणारी नोंद) किती उरलेत ते बघा, ते कार्ड फॉरमॅट करतानाच ठरलेले असतात, संपले की जागा असून नवी फाइल बनत नाही. खरा उपाय म्हणजे दिवसाची एकच फाइल करा, १४४ रीडिंगचे ७२,००० बाइट १८ ब्लॉकमध्ये बसतात, आत्ता १४४ ब्लॉक जातायत.

प्रश्नकर्ता:
खूप आभार सगळ्यांचे! एलस्टॅट आणि ब्लॉक्स लावले, १९५ आले, एरर गेली. पण डीयूपेक्षा अजून तीनेक एमबी कमी का?

उत्तर १:
ते फोल्डरचं स्वतःचं वजन. ५०,००० नावांची यादी पण कुठेतरी लिहावीच लागते ना, डीयू तीही धरतं. आणि ईएक्सटी४ वर फाइली उडवल्या तरी ती यादी आकसत नाही, दिवसाच्या फाइली कराल तेव्हा नवीन फोल्डरातच करा.